दोन तक्रारी, एक शिलालेख : नाशिकमधल्या धर्माभ्यासाच्या प्राध्यापिकेचे प्रकरण

श्रावणातल्या एका रविवारी नाशिकच्या एका विद्यापीठाची बस ४२ विद्यार्थी घेऊन क्षेत्रभेटीला निघाली. मंगळवारी विभागप्रमुखांच्या टेबलावर दोन अर्ज होते. एकात लिहिले होते की मॅडमनी लेण्यात आमच्या देवाचा अपमान केला. दुसऱ्यात लिहिले होते की धर्माचा अभ्यास या नावाखाली आम्हाला देवदर्शनाला नेले आणि बाकीचे धर्म सोडून दिले. दोन्ही अर्ज एकाच वर्गातले, एकाच दिवसाबद्दल आणि एकाच प्राध्यापिकेविरुद्ध.

हे प्रकरण अध्यापकांच्या चर्चेसाठी रचलेले आहे. व्यक्ती आणि संस्था म्हणून बिननावी आहेत. ठिकाणे, शिलालेख आणि कायदा मात्र खरे आहेत.

बाईंचे काम नेमके काय

धर्माभ्यास हा विषय आपल्याकडे परीक्षेला आहे, पण विभागाला नाही. नेट परीक्षेत ‘तुलनात्मक धर्माभ्यास’ असा स्वतंत्र विषय असतो. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठासारखी स्वतंत्र विभाग असलेली ठिकाणे मात्र थोडी, त्यामुळे हा अभ्यास केलेला माणूस तत्त्वज्ञान, इतिहास, पाली किंवा संस्कृतच्या खोलीत टेबल मांडून बसतो. प्रकरणातल्या प्राध्यापिका तत्त्वज्ञान विभागात सहयोगी प्राध्यापक आहेत. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे या पदाला आठवड्याला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन. त्यातले १२ तास तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि भारतीय दर्शने यांत जातात. उरतात दोन, आणि त्या दोन तासांसाठीच त्या या पेशात टिकून आहेत. खुल्या ऐच्छिक विषयात ‘धर्म आणि समाज’ हा २ श्रेयांकांचा, म्हणजे ३० तासांचा, ५० गुणांचा अभ्यासक्रम. बसणारी मुले बहुतेक बी. कॉम. आणि बी. एस्सी.ची, वेळापत्रकात दुसरे काही बसले नाही म्हणून आलेली.

विषयाबाहेरचा वेळही विषयातच जातो. पिशवीत पंचांग आणि मोडी वाचनाचे सरावपत्रक, मोबाइलमध्ये ब्राह्मी अक्षरांचे फोटो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या दिंड्यांपैकी एखादीबरोबर चार-सहा किलोमीटर चालणे, चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ बघायला जुन्या नाशकात उभे राहणे, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत नवस फेडायला येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती याचा अदमास घेणे. ओळखीचे म्हणतात, बाईंना देवाधर्माचे फार. तसे नाही. त्यांना देवाधर्माच्या माणसांचे फार.

एक आवड मात्र त्यांनी वर्गाबाहेरच ठेवली आहे. तीर्थोपाध्यायांच्या नामावळी. यात्रेकरूने गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये बाड उघडतात, आणि पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होते, हे त्याला वाचून दाखवतात. जुन्या नोंदी मोडीत, नव्या देवनागरीत, पुष्कळदा खुद्द यात्रेकरूच्या हातच्या. कुटुंबाचा इतिहास शिकवायला याहून चांगले साधन नाही, हे खरे. पण बाड उपाध्यांच्या घराची मालमत्ता असते आणि त्यात हयात माणसांची नावे असतात. ४२ मुलांसमोर ते उघडायला लावणे म्हणजे कोणाच्या घरातले कपाट उघडणे. हा विवेक ज्यांना होता, त्यांनीच श्रावणातला रविवार निवडला, ही या प्रकरणातली गंमत आहे. पंचांग पिशवीतच होते.

रविवार कसा बिघडला

कागदावरचा बेत असा : सकाळी ७ ला पांडवलेणी, ९.३० ला शरणपूर, ११ ला काळाराम मंदिर आणि रामकुंड, जेवण, २ ला त्र्यंबकेश्वर, ६ ला परत. चार धर्मपरंपरा, एक दिवस, एक बस. कागदावर हे समतोल दिसते.

बस ४० मिनिटे उशिरा निघाली. लेण्यांच्या पायऱ्या चढेपर्यंत आठ वाजून गेले आणि २४ लेण्यांपैकी पाच लेणी ३५ मिनिटांत ‘झाली’. वेळ भरून काढायला शरणपूर गाळले. पंचवटीत बस उभी करायला जागा नव्हती, ती लांब सोडून मुले चालत गेली आणि तिथेच वर्ग फुटला. निम्मी मुले काळारामाच्या दर्शनाला गेली, चार जण दाराबाहेर थांबले, उरलेली खायला गेली. त्र्यंबकेश्वरात श्रावणातली रांग. दोन तास उभे राहून कोणाचे दर्शन झाले, कोणाचे नाही, आणि अभ्यास कोणाचाच नाही.

दुसऱ्या अर्जातली तक्रार इथे सापडते. बाईंच्या मनात पक्षपात नव्हता, वेळापत्रकाने तो केला. चारांतले कोणते ठिकाण गळणार हे गर्दी ठरवते, आणि गळते ते नेहमी असे, जिथे रांग नसते. शरणपूर गळले म्हणजे १९व्या शतकातली ख्रिस्ती वसाहत गळली, गुलामगिरीतून सोडवून आणलेली आफ्रिकन मुले जिथे शिकली ती जागा गळली. ‘नासिक बॉईज’ म्हणून ती ओळखली जात. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७३मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या वेळी आफ्रिकेत त्याच्या तांड्यात होता आणि पुढे त्याच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेला. ही गोष्ट नाशिकच्या मुलांना नाशकात कळू नये आणि त्यांनी त्र्यंबकच्या रांगेत दोन तास रील बघत उभे राहावे, यात अर्जदाराची चूक कुठे आहे?

पहिला अर्ज एका क्रियापदामुळे आला. लेणे क्रमांक १० मध्ये, ज्याला नहपान विहार म्हणतात, मागच्या भिंतीवर मुळात स्तूपाचे उठावशिल्प होते. पुढे केव्हातरी त्याच दगडातून भैरवाची आकृती कोरली गेली. निरखून पाहिले की दोन्ही ओळखता येतात. बाई पुढच्या लेण्याकडे निघता निघता म्हणाल्या, “इथे स्तूप तोडून भैरव केलाय बघा.” वाक्य तिथेच संपले. एका मुलाने त्यातून ऐकले की आमच्या लोकांनी तोडफोड केली. दुसऱ्याने ते तसेच ऐकले आणि त्याला ते आवडले. बसमध्ये दोघांचे वाजले.

‘तोडून’ हा शब्द कृती सांगताना हेतूही चिकटवतो. भिंतीवर दिसते ते एवढेच : एक आकृती होती, तिच्या दगडातून दुसरी निघाली. त्या वेळी इथे भिक्षू राहत होते की लेणे ओस होते, कोरणाऱ्याला आधीची आकृती काय आहे हे ठाऊक होते का, हे भिंत सांगत नाही. शेजारच्या ११ क्रमांकाच्या लेण्यात जैन तीर्थंकराची मूर्ती आहे, तिथे मात्र असे काही बोलले गेले नाही, म्हणून तक्रारही नाही.

अर्जांना उत्तर

विभागप्रमुखांचा पहिला सल्ला होता, “मॅडम, दोघांनाही बोलावून सॉरी म्हणून टाका, विषय संपवा.” बाईंनी ते केले नाही, आणि ते बरे केले. दोन उलट तक्रारींवर एकच माफी मागितली की दोन्ही खऱ्या ठरतात आणि पुढच्या वर्षी अभ्यासक्रमच जातो. त्यांनी दीड पानाचे लेखी उत्तर दिले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे, कारण अशा वेळी बहुतेक अध्यापक आपल्या श्रद्धेबद्दल किंवा श्रद्धाहीनतेबद्दल खुलासा देत बसतात. उत्तरात बाईंच्या श्रद्धेचा उल्लेखच नाही.

आधी कायदा, थोडक्यात. संविधानाचा अनुच्छेद २८ पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायला मनाई करतो. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करता येत नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७१च्या डी. ए. व्ही. कॉलेज प्रकरणात आणि २००२च्या अरुणा रॉय प्रकरणात हा फरक मान्य केला. मग कबुली, नेमकी : शरणपूर गाळले गेले, ते चुकले, मंदिरात दर्शनाची वेळ आणि वर्गाची वेळ वेगळी ठेवली नाही, ते चुकले, लेणे क्रमांक १० मध्ये वापरलेला शब्द पुराव्यापेक्षा मोठा होता, तो मागे घेतला आहे. आणि शेवटी, भेट पुन्हा होईल, तिचा आराखडा सोबत जोडला आहे. दोन्ही अर्जदारांना उत्तराची एकच प्रत गेली. हे महत्त्वाचे. वेगवेगळी पत्रे दिली असती तर दोघांनी ती संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या व्हॉट्सॲपवर वाचली असती.

दुसरा आराखडा

नवी भेट डिसेंबरात, बुधवार आणि गुरुवार, २१–२१ विद्यार्थी. एकच जागा : लेणे क्रमांक १०. एकच गोष्ट : उषवदाताचा ४२व्या वर्षाचा शिलालेख. देवळे सगळी वगळली. काळारामाला वर्गात एक पूर्ण तास दिला, तोही २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या मंदिरप्रवेश सत्याग्रहासाठी. तिथून १३ ऑक्टोबर १९३५च्या येवल्याच्या घोषणेपर्यंत. शरणपूरला एक तास. सिंहस्थाला एक, आणि त्यात भर कशावर, तर १३ आखाड्यांपैकी तीन वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर आणि उरलेले दहा त्र्यंबकला कुशावर्तावर का स्नान करतात यावर.

सामान साधे. शिलालेखाच्या ठशाची (दगडावर दाबून घेतलेल्या कागदी प्रतीची) ए-३ आकाराची छपाई, गटाला दोन. ब्राह्मी अक्षरांचा तक्ता. पेन्सिल (पेन नाही, लेण्यात शाई सांडू नये). गटाला एक विजेरी. माणशी एक लिटर पाणी. सहा-सात जणांचा गट, एका वेळी एकच गट लेखासमोर, १५ मिनिटे. बाकीचे आतल्या दालनात खोल्या मोजतात. १६ भरतात, दोन्ही बाजूंना पाच-पाच आणि मागे सहा.

विजेरीचा उपयोग बहुतेक जण चुकीचा करतात. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत, त्यामुळे थेट ऊन फारसे येत नाही. समोरून झोत टाकला की अक्षरे सपाट होऊन दिसेनाशी होतात. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने तिरपी धरायची, मग खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येते. फोटो त्याच क्षणी काढायचा. अक्षर ठळक व्हावे म्हणून खडू चोळायचा मोह होतो. तो दगडाला आणि वाचनाला दोहोंना घातक, कारण खडू अक्षराइतकाच टवक्यातही भरतो आणि मग टवका मात्रा होतो. ठसा घेण्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तिपाईलाही लागते. काही लेण्यांत बुद्धमूर्तींपुढे वंदना करणारे लोक येतात. ते आले की वर्गाने बाजूला व्हायचे, पादत्राणे काढलेली असावीत, आणि त्यांचे फोटो काढायचे नाहीत. ज्याला स्वतःला वंदन करायचे आहे त्याने ८.३० पूर्वी किंवा वर्ग संपल्यावर करावे. हे वाक्य सूचनापत्रात लिहून दिले होते, आणि एकाही मुलाने त्यावर कुरकुर केली नाही.

आता शिलालेख. उषवदात हा दिनीकाचा मुलगा, क्षहरात घराण्यातला क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपान याचा जावई. वर्ष ४२, वैशाख महिना. हे वर्ष शक गणनेतले धरले तर इ. स. १२०, पण त्यावर अभ्यासकांत वाद आहे. तो भिक्षुसंघाला लेणे देतो आणि ३००० काहापण (कार्षापण, त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवतो. नाशिकजवळ गोवर्धन नावाचे गाव आजही आहे. २००० एका कोलिक निकायाकडे, ‘पडिक शत’ (शेकड्याला एक) व्याजाने. १००० दुसऱ्या कोलिक निकायाकडे, ‘पायून पडिक शत’ व्याजाने. ठेव परत करायची नाही, फक्त व्याज भोगायचे, असे स्पष्ट म्हटले आहे : ‘अपडिदातव वधिभोजा’. २०००च्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी.

इथे मुलांची पहिली चूक ठरलेली : ‘कोलिक’ म्हणजे कोळी. नाही. कोलिक म्हणजे विणकर. (जाळे विणणाऱ्या किड्याला आपण कोळी म्हणतो, तो धागा इथवर येतो का, यावर एका गटाने पाच मिनिटे घालवली, घालवू दिली.) दुसरा अडखळा अंकांचा. ब्राह्मी अंकांत शून्य नाही, हजाराच्या चिन्हालाच एका रेघेची जोड दिली की २०००. ‘दोन आणि हजार’ असे सुटे वाचले की सगळे बिघडते. अक्षरांत प, स आणि ह यांचा घोळ हमखास.

आणि मग गणित. बाईंनी फळ्यावर काहीच मांडले नव्हते, फक्त प्रश्न दिला : व्याजदर महिन्याचा की वर्षाचा? लेखात तो शब्द नाही. शेकड्याला एक, हे वर्षाचे धरले तर २००० वर वर्षाला २० मिळतात. भिक्षू वीस, म्हणजे माणशी एक. लेख म्हणतो बारा. महिन्याचे धरले तर महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २०, बरोबर १२. बी. कॉम.च्या ज्या मुलीने हे आधी काढले ती जुलैपासून मागच्या बाकावर बसत होती. पुढे १००० वर पाऊण टक्का : महिन्याला साडेसात, वर्षाला ९०, हे ‘कुशणमूल’ या खर्चासाठी. कुशणमूल म्हणजे काय यावर एकमत नाही, तेवढेच सांगून बाई थांबल्या. ‘पायून’ मात्र कोणाला समजावून सांगावे लागले नाही. आजही पाऊणच. तसेच ‘लेण’ म्हणजे लेणे, आणि उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने दिलेला ‘ओवरक’ म्हणजे लेण्यातली खोली, देवळाच्या आवारातली आपली ओवरी त्याच शब्दातली.

पहिल्या अर्जातल्या मुलासाठी या लेखात आणखी एक गोष्ट होती, ती मुद्दाम न सांगता वाचायला ठेवली. हाच उषवदात याच लेखमालेत देवांना आणि ब्राह्मणांना ७०,००० काहापण, म्हणजे ३५चा एक या हिशेबाने २००० सुवर्ण (सोन्याची नाणी), दिल्याचे नोंदवतो. तीन लाख गाईंचे दान सांगतो, पुष्करला जाऊन स्नान केल्याचे आणि ३००० गाई दिल्याचे सांगतो. त्याला बौद्ध म्हणायचे की वैदिक, हा प्रश्न मुलांनीच काढला आणि मुलांनीच तो टाकून दिला. “मॅडम, याने सगळीकडे खातं उघडलंय,” असे एक जण म्हणाला. वाक्य पाठ्यपुस्तकात येणार नाही, पण चूक नाही. भैरवाच्या भिंतीपुढे बाईंनी या वेळी तीनच वाक्ये उच्चारली : आधी स्तूप होता, त्याच दगडातून भैरव कोरला, कोणी आणि का ते इथे लिहिलेले नाही. मुलाने मान हलवली. त्याचे समाधान झाले की नाही हे कळले नाही, अर्ज मात्र पुन्हा आला नाही.

खर्च अर्ध्याहून कमी झाला, कारण बस दोनदा गेली तरी दोन्ही दिवशी दुपारी १२ ला परत आली. तोटाही झाला. दोन-तीन मुले म्हणाली की सबंध भेटीत एकच लेणे पाहिले, हे फारच झाले. खरे आहे. चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह) असलेले १८वे लेणे पाहायला त्यांना नंतर आपापले जावे लागले.

परतीच्या पायऱ्यांवर त्या बी. कॉम.च्या मुलीने विचारले, “राज्य बदललं तर ठेवीचं काय?” बाईंनी उत्तर दिले नाही, वर ३ क्रमांकाच्या लेण्याकडे बोट दाखवले आणि गुरुवारच्या तुकडीच्या कामात एक प्रश्न वाढवला. तिथे नहपानाचा पराभव करणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे १८व्या वर्षाचे फर्मान कोरलेले आहे : पश्चिम कखडी गावातले, आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे माप) शेत त्याने याच डोंगरावरच्या भिक्षूंना दिले. २४व्या वर्षी पुन्हा आज्ञा : ते शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून नगराच्या हद्दीवरची १०० निवर्तने राजाच्या मालकीची जमीन द्यावी. म्हणजे राज्य बदलले, उषवदाताकडची जमीन भिक्षूंकडे आली, आणि ती पहिली जमीन पडीक राहिली. विणकरांकडच्या ३००० काहापणांबद्दल नव्या राजाच्या लेखांत एक शब्द नाही. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांपैकी ८ गुण या एका प्रश्नाला होते.